हॅलोरन्स फ्लॅट, १९४६–१९९६

पहिली रेघ माझी.
वेलिंग्टनच्या नकाशा-कचेरीत सगळ्यांत धाकटा मी,
बावीस वर्षांचा, युद्धावरून परतलेला,
उजव्या कानानं थोडा बहिरा.
साहेबांनी टिपण पुढे सरकवलं:
ओढ्याच्या पूर्व फाट्यानं वर जा,
गॅसच्या टाकीपाशी वळ,
ट्रामचा शेवटचा थांबा आत घे.
नवं उपनगर, नवा मतदारसंघ,
ठरलेली माणसं आत बसली पाहिजेत.
माणसं कशी बसवतात, मला ठाऊक नव्हतं.
मला चिनी शाई ठाऊक होती.

ओढ्याच्या दोन फाट्यांमध्ये बेटासारखा तुकडा,
त्यावर एकच घर, लाल पत्र्याचं.
तिथं निब कागदाच्या तंतूत अडकलं,
हिसका बसला,
आणि रेघ पश्चिम फाट्यानं चालू लागली.
खरवडायला ब्लेड होतं.
पण साडेबारा वाजलेले, डब्यात मटणाचं सँडविच,
आणि एका घरानं असं काय होणार?

घर क्विग्ली मंडळींचं.
बाप, आई, तीन मुली, एक मावशी.

मागच्या गल्लीतलं टेपाना कुटुंब
माझ्या रेघेत मोजायचंच नव्हतं.
माओरींचा नकाशा वेगळा,
एकेक मतदारसंघ अर्ध्या बेटाएवढा.
तो कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही.
मीही मागितला नाही.

त्या नोव्हेंबरात क्लॅरी डुनस्टॉल,
सकाळच्या ट्राममध्ये तिकिटं फाडणारा,
चार मतांनी निवडून आला.
पुन्हा मोजलं.
चारच.
मी सीमेचा नकाशा काढून पाहिला,
घडी घातली, खणात ठेवला,
आणि कानाला खडा लावला. चांगल्या कानाला.

क्लॅरी संसदेत कमी बोलायचा.
पण ओढ्यावर पूल झाला. प्रसूतिगृह झालं.
टेकडीवरचं काटेरी गॉर्स जाळून
सरकारी घरांच्या सात रांगा उभ्या राहिल्या,
प्रत्येक घराला धुराडं आणि बटाट्यांपुरती जमीन.
एक्कावन्नच्या गोदी-संपात
संपवाल्यांना अन्न देणं हा गुन्हा ठरला,
तेव्हा खासदाराच्या मागच्या दारी
कुणीतरी रोज कोबी ठेवून जायचं,
आणि कुणीतरी रोज उचलून न्यायचं.

मी हे सगळं लांबून वाचत होतो,
दुसऱ्यानं पाडलेल्या मुलाची प्रगती वाचावी तसं.
नाही, चुकलो. मीच पाडलेल्या.

मग ट्राम गेली. क्लॅरी गेला.
सामोआहून माणसं आली, लोकर-गिरणीत रात्रपाळीला.
पहाटे दारांवर पोलिसांचे टॉर्च फिरू लागले
तेव्हा क्लॅरीची भाची आयलीन खासदार होती.
तुइमावावे आजोबा तिच्या पायरीवर पासपोर्ट घेऊन बसले,
ती गाऊनवरच बाहेर आली,
आणि पुढच्या निवडणुकीत पडली.
उपनगरानं तिला माफ केलं नाही,
का ते कुणी नीट सांगितलं नाही.

गिरणी बंद. मुलं ऑस्ट्रेलियात.
डोकी कमी भरली.
दर पाच वर्षांनी रेघ थोडी फुगायची,
परक्या टेकड्या गिळायची,
कमरपट्टा सैल करत जावा तशी.
शहाण्णवात मतदानाची पद्धतच बदलली,
मतदारसंघ कमी झाले,
आणि आमचा कुणीतरी संगणकावर पुसला.
ब्लेडही लागलं नाही.

ऑक्टोबरात शाळेच्या त्याच हॉलमध्ये गेलो.
यादीवरची मुलगी म्हणाली, "तुम्ही आता माउंट केस्ट्रेलमध्ये."
"रेघ कुठून जाते?"
"इथून नाहीच जात."

बाकावर एक बाई बुटाची नाडी बांधत होती.
नॅन्सी, क्विग्लींची धाकटी.
सेहेचाळीसचं तिचं पहिलं मत.
मी पन्नास वर्षांचं पोटातलं ओठांवर आणलं,
आणि विचारलं भलतंच:
"तेव्हा तुमच्याकडे मतं कुणाला गेली?"

"बाबांनी जेवणाच्या टेबलावर बजावलं,
त्या तिकिटवाल्याला नाही.
आम्ही पाचजणींनी मान हलवली."
"मग?"
नाडीची दुसरी गाठ मारत ती म्हणाली,
"मग काय? मतदान गुप्त असतं ना."

घरी येताना पुलावर थांबलो.
पाचातून एक वजा करायला
मला दोन वेळा बोटं मोजावी लागली.
खाली पाणी पश्चिम फाट्यानं चाललं होतं.
पूर्वेचा केव्हाच बुजला,
त्यावर आता कार पार्क आहे.